बुजवलेल्या आडाची ओल

मल्लिनाथ मिस्त्रीला जळकोटच्या पंचक्रोशीत कुणी नावानं हाक मारीत नसे. सगळे त्याला दिवेमिस्त्री म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. मोठी लढाई नुकतीच संपलेली, निजामाचं फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सेहेचाळीस साल चालू होतं. सोलापूरकडून करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका ओलांडून निजामाच्या मुलखात शिरलं, की दिवस मावळल्यावर कंदील आणि चिमण्यांचंच राज्य. तेवढ्या अंधाऱ्या पट्ट्यात चन्नबसप्पांच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, विजेचे सतरा दिवे लागायचे, आणि ते लावणारा, विझवणारा, दुरुस्त करणारा माणूस हा एकच.

जात्या तो लिंगवंत विणकराच्या घरचा. बाप हातमागावर राबतच वारला. हा पंधराव्या वर्षी सोलापूरला पळाला आणि तिथल्या एका गिरणीत दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली लागला. नऊ वर्षांत तार ओढणं, मोटार बांधणं, डायनामो सांभाळणं, सगळं शिकला. पुढं आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी टाकून गावी परतला, तेव्हा त्याच्या विद्येचा गावात कुणाला काडीचा उपयोग नव्हता. चन्नबसप्पांनी तेवढं त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या जिनिंगला इंजिन होतं, इंजिनावर जुना डायनामो पडून होता. तो चालू करून दे म्हणाले, आणि वर म्हणाले, रोज दुपारी घरी जाऊन आईला जेवू घालून येत जा, इंजिन काही पळून जात नाही. दोन वर्षं तो रोज दुपारी गेला. आईनं डोळे मिटले ते त्याच्याच मांडीवर. त्या दिवसापासून चन्नबसप्पांचा, सगळ्यांच्या आप्पांचा, शब्द त्याला मोडवत नसे. पुढं जे घडलं त्याचं मूळ थोडंसं यातही होतं.

जिनिंगच्या मागं, अंगण ओलांडून शंभरेक पावलांवर बैलांचा गोठा होता. सात जोड्या. रुईच्या गठाणी सोलापूरला पोचवायच्या त्या याच बैलांनी. गाड्यांबरोबर ज्ञानोबा जायचा, आणि मागं गोठा सांभाळायची त्याची बायको धुरपदाबाई. पन्नाशीची, उंचीनं बेताची, बोलणं थोडकं. चौदा बैलांना लागणारा कडबा ती मोठ्या विळीवर हातानं तोडायची. अठ्ठावीस वर्षं तोडत आली होती. त्या साली तिचा उजवा खांदा पार धरला, डोक्यावर पदर घ्यायलाही हात वर जाईना. आप्पांनी ते पाहिलं आणि कुणाशी काही न बोलता सोलापूरहून कडबा तोडायचं यंत्र आणि ते फिरवायला जुनी मोटार आणली. मल्लिनाथला म्हणाले, गोठ्यात वीज ने.

वीज नेणं अवघड नव्हतं. खांब रोवून दोन तारा ओढल्या की झालं. प्रश्न होता तो तिसऱ्या तारेचा.

मोटारीच्या आत तारांवर कापडाचं आणि लाखेचं वेष्टन असतं. ते कधी झिजतं, कधी जळतं. मग आतली वीज मोटारीच्या लोखंडी अंगावर येते, आणि त्याला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत उतरते. म्हणून त्या लोखंडाला आधीच जाड तार बांधून ती जमिनीत खोल पुरायची, म्हणजे विजेला माणसापेक्षा सोपी वाट मिळते. त्या वाटेनं वीज धो धो वाहिली की फ्यूजची बारीक तार वितळते आणि सगळं बंद पडतं. याला अर्थिंग म्हणतात. दस्तगीर उस्ताद म्हणायचे, दिवा लावणं कुणालाही येतं, जमिनीशी दोस्ती करणं ज्याला येतं तो मिस्त्री.

गोठ्यासाठी ही दोस्ती दोन तऱ्हांनी करता येत होती. जिनिंगचं अर्थिंग होतंच. इंजिनाच्या थंड पाण्याच्या हौदाशेजारी, कायम भिजलेल्या जागी मल्लिनाथनं स्वतः तांब्याचा पत्रा पुरला होता. तिथून एक तार गोठ्यापर्यंत ओढायची, ही एक तऱ्हा. नाहीतर गोठ्याजवळ वेगळा खड्डा घेऊन गोठ्याचं स्वतःचं अर्थिंग करायचं, ही दुसरी. दुसरीला खोदकाम होतं, खाली मुरूम आणि काळा खडक होता, आणि लढाई संपली तरी तांबं कुठं मिळत नव्हतं. आप्पा म्हणाले, आहे ते चांगलं आहे ना, मग तेच पुढं ने. मल्लिनाथच्या मनात जरा खुटखुट झाली, पण त्यानं लोखंडी तारेचं भेंडोळं उलगडलं आणि जिनिंगचं अर्थिंग गोठ्यात नेलं. मोटारीला बांधलं, दावणीच्या आडव्या लोखंडी पाइपाला बांधलं, पाण्याच्या लोखंडी हौदालाही बांधलं. नीटनेटकं काम झालं.

यंत्र चालू झालं त्या दिवशी धुरपदाबाईनं पेंढीमागून पेंढी आत सारली आणि अर्ध्या तासात दिवसभराचं काम उरकलं. मग ती यंत्राला हळद-कुंकू लावून बाजूला बसली आणि कितीतरी वेळ आपला खांदा चोळत राहिली. मल्लिनाथला वाटलं, आजवर केलेल्या कामांत हे सगळ्यात पुण्याचं.

नवव्या दिवशी ती जिनिंगच्या दारात येऊन उभी राहिली. आत कापसाची धूळ उडत होती. तिनं पदर नाकाला लावला आणि त्याला खुणेनं बाहेर बोलावलं. बैल हौदातलं पाणी पीत नाहीत, म्हणाली. तोंड लावतात आणि झटकन मागं घेतात.

इंजिन चालवणारा ईरण्णा तिथंच होता. पाण्याला तेलाचा वास लागत असेल, म्हणाला. आप्पांना वाटलं, हौद नवा रंगवलाय म्हणून. मल्लिनाथनं गोठ्यात जाऊन हौदाला हात लावून पाहिला. काही लागलं नाही. दावणीचा पाइप धरून पाहिला. तिथंही काही नाही. यंत्राची मोटार तर बंदच होती. आपलं काम बरोबर आहे असं त्यानं ठरवून टाकलं आणि तो परत फिरला.

धुरपदाबाई त्याच्यामागून दोन पावलं आली.

"मिस्त्री, तुमचं यंत्र बंद असलं तरी पीत न्हायत," ती म्हणाली. "सकाळी इंजिन लागायच्या आधी पितात. सांजच्याला इंजिन थांबलं की पुन्हा पितात. मधी न्हाय पीत. म्या चार दिवस बघून मगच आले."

मल्लिनाथ थांबला. यंत्र बंद आणि तरीही. आणि इंजिनाच्या आवाजाबरोबर. असं नेमकं बोलणं त्यानं सोलापुरातल्या शिकलेल्या मिस्त्रींच्या तोंडूनही क्वचितच ऐकलं होतं. तो पुन्हा हौदाशी आला, पुन्हा हात टेकवला. काहीच नाही.

"पायातलं काढा," ती म्हणाली.

त्याच्या पायात जाड तळाच्या चामडी चपला होत्या. त्यानं त्या काढल्या आणि हौदापुढच्या चिखलात, जिथं बैलांचे पुढचे खूर रुततात तिथं अनवाणी उभा राहिला. ओलं शेण बोटांमधून वर आलं. मग त्यानं ओला तळवा हौदाच्या काठावर ठेवला, आणि मनगटापर्यंत मुंग्यांचा लोंढा चढला. जीव जाईल असं नव्हतं. पण ज्या जनावराला ओठ आणि जीभच पुढं करावी लागते, आणि जे चारही पायांनी चिखलात उभं असतं, त्याला ते कसं लागत असेल, हे त्याला सांगायला कुणी लागलं नाही.

तो म्हणाला, "मावशी, तुमालाबी लागत होतं?"

"लागत होतं. पर मला वाटलं वीज आली म्हंजी असंच आसतंय."

हे ऐकून त्याची मान खाली गेली. नऊ दिवस ही बाई त्या मुंग्या सोसत होती आणि बोलली ती बैलांसाठी.

त्यानं आधी पक्कड काढली आणि जिनिंगकडून येणारी ती तिसरी तार कापून टाकली. पुन्हा हात लावला, हौद गार आणि मुका. मग जिनिंगमध्ये शिरून सरकी काढणाऱ्या चरख्यांची एकेक मोटार बंद करीत गेला आणि दर वेळी अनवाणी येऊन तारेचं कापलेलं टोक चाचपत राहिला, तेव्हा खोड सापडली. तिसऱ्या चरख्याच्या जुन्या मोटारीतून थोडी थोडी वीज तिच्या लोखंडी अंगावर झिरपत होती. फ्यूज वितळावा इतकी ती नव्हती. जिनिंगमध्ये कोरड्या फरशीवर, पायात काहीतरी घालून काम करणाऱ्या माणसांना तिचा पत्ता लागला नव्हता. पण तीच वीज त्याच्या नीटनेटक्या तारेवरून चालत गोठ्यात पोचली होती.

त्यानं आप्पांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हणाला. जिनिंगचं दुखणं मी तार बांधून गोठ्यात नेलं. आज ही मोटार दुरुस्त करीन, उद्या दुसरी झिरपेल. कोरड्या जागेला जे चालतं ते गोठ्याला चालत नाही. गोठ्याचं अर्थिंग गोठ्याचंच पाहिजे, जिनिंगशी त्याचा काही संबंध नको. आणि ते होईपर्यंत यंत्र चालवता येणार नाही.

आप्पा रागावले नाहीत, पण नाराज झाले. यंत्र बंद म्हणजे पुन्हा धुरपदाबाईचा खांदा. तिनंच मधे पडून सांगितलं, की इतकी वर्षं तोडला, आणखी पंधरा दिवस तोडीन. मिस्त्रींना सावकाश करू द्या.

पंधरा दिवस पुरले नाहीत. मल्लिनाथनं गोठ्याच्या पूर्वेला पहिला खड्डा घेतला. दीड हातावर मुरूम लागला, तीन हातांवर पहार ठणकन वाजायला लागली. त्यानं तिथं पाइप रोवला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं आणि दिव्याची परीक्षा घेतली. ही परीक्षा उस्तादांनी शिकवलेली. डायनामोचं एक टोक जिनिंगच्या अर्थिंगला बांधलेलं असतंच, तेव्हा दुसऱ्या टोकाची तार दिव्यातून नव्या पाइपाला जोडायची. जमीन वीज नेत असेल तर दिवा लागतो, नेत नसेल तर लागत नाही. बैलांना लांब नेऊन बांधलं, माणसांना दूर उभं केलं. दिव्यात नुसता लाल केसासारखा धागा दिसला.

दुसरा खड्डा गोठ्याच्या दक्षिणेला, उताराकडं. तिथं चार हात खोल जाता आलं. या वेळी दिवा चांगला लागला. बघायला आलेले आप्पा खूश झाले.

मल्लिनाथनं मान हलवली आणि जिनिंगमधून लाकडी पाटी आणली. तिच्यावर त्यानं दहा मोठे दिवे एकत्र जोडलेले होते. एका दिव्याला लागतं एवढंसं पाणी तर झिऱ्यातूनही मिळतं, त्यानं आप्पांना सांगितलं, पण फ्यूज वितळवायला पूर यावा लागतो. पाटी जोडली तेव्हा दहाही दिवे विझत्या विडीसारखे मंद लाल झाले.

"लागतायत की," आप्पा म्हणाले. "मंद का होईना. मल्लिनाथा, महिना झाला. आता जोडून टाक."

मल्लिनाथच्या डोळ्यांपुढं आई आली, दुपारची भाकरी आली, आप्पांनी कधी न काढलेला उपकार आला. जोडून टाकावं असं त्याला एक क्षण वाटलंही. कुणाला कळणार नव्हतं. मोटार चालली असती, दिवे लागले असते. पण ज्या दिवशी मोटारीची वीज लोखंडावर आली असती त्या दिवशी फ्यूज वितळला नसता. यंत्र वीज अंगावर घेऊन तसंच गप्प उभं राहिलं असतं, पहिल्या हाताची वाट बघत. आणि तो पहिला हात कुणाचा असणार हे त्याला ठाऊक होतं.

"आप्पा, तुमचा शब्द म्या आजवर मोडला न्हाय," तो म्हणाला. "आज मोडतो. हे जोडणार न्हाय."

आप्पा पाठ फिरवून जिनिंगकडं निघून गेले. मल्लिनाथ खड्ड्याच्या कडेला बसून राहिला. फाल्गुन लागला होता. पुढं चैत्र, वैशाख; आज जी थोडी ओल आहे तीही आटणार होती. धुरपदाबाई विळीवर कडबा तोडत होती. डाव्या हातानं तोडत होती, म्हणून दर घावाला जरा थांबत होती. थोड्या वेळानं ती उठून आली आणि खड्ड्यात डोकावली.

तुम्ही नेमकं काय शोधताय, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, की जमीन खोलवर ओली पाहिजे, आणि उन्हाळ्यातही ओली राहिली पाहिजे.

"मग ओल कुठं हाय ते इचारायचं," ती म्हणाली. "खडकाला कशापायी इचारता?"

ती त्याला गोठ्याच्या मागं घेऊन गेली, जिनिंगच्या उलट्या अंगाला, साठ-सत्तर पावलांवर. तिथं काही नव्हतं. एक थोडी खोलगट जागा, तिच्यावर हरळीचा गालिचा. सगळं शिवार करपून पिवळं पडलेलं, आणि ही पाच-सहा हातांची चकती हिरवीगार. वैशाखात दुपारी वासरं इथं येऊन बसतात, म्हणाली. इथं आड होता. तिची सासू याच आडावरून पाणी शेंदायची. धुरपदाबाई लग्न होऊन आली त्याच साली तो बुजवला.

पाणी असताना का बुजवला, असं त्यानं विचारलं.

"मचूळ झालं. डाळ शिजंना, तोंडात धरवंना. आप्पांच्या वडलांनी माती टाकून बुजवून घेतला."

मल्लिनाथनं तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मचूळ? नक्की मचूळ? ती म्हणाली, खारट मचूळ, जिभेवर चर्र व्हायचं. तो तिथंच हरळीत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मुठीनं माती उकरून पाहिली. वीतभर खाली माती थंड होती. वीज खडकाला भीत नाही इतकी कोरड्याला भिते, आणि साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यातून सुखानं जाते. तो खड्ड्यात विकतचं मीठ भरत होता, आणि इथं जमिनीनं आपणहोऊन ते कालवून ठेवलं होतं. माणसांना पिता आलं नाही म्हणून ज्या पाण्यावर माती लोटली, तेच त्याला पाहिजे होतं.

खणायला कष्ट पडले नाहीत. भरावाची माती मऊ होती. ज्ञानोबा त्या दिवशी गाडीवरून परतला होता, तोही पाटी-फावडं घेऊन उतरला. आठ हातांवर चिखल लागला. तांबं नव्हतंच. मल्लिनाथनं जिनिंगच्या भंगारातून एका मोडक्या चरख्याचं मांडीपर्यंत पोचेल एवढं बिडाचं चाक काढलं, घासून लखलखीत केलं, त्याला दोन जाड तारा दोन ठिकाणी आवळून बांधल्या, की एक तुटली तरी दुसरी राहावी. चाक चिखलात उभं केलं, भोवती कोळशाची पूड दाबली, आणि माती लोटायच्या आधी सगळ्यांना बाजूला करून पाटी जोडली.

दहा दिवे लागले. जिनिंगमध्ये लागतात तसे पांढरेफट्ट, भर उन्हात डोळे दिपवणारे.

ईरण्णा इंजिनावरून धावत आला. इंजिन एकदम का दमलं हे बघायला आला होता. धुरपदाबाईनं दिव्यांकडं पाहून हात जोडले. मल्लिनाथनं खाली वाकून खड्ड्यात माती ढकलायला सुरुवात केली.

मग त्यानं गोठ्यातलं होतं नव्हतं तेवढं लोखंड, मोटार, यंत्र, हौद, दावणीचा पाइप, एकमेकांना बांधून आडातल्या चाकाशी जोडलं. जिनिंगची तार पुन्हा जोडली नाही. फ्यूज मुद्दाम बारीक तारेचा ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा चपला काढून चिखलात उभा राहिला आणि इंजिन चालू असताना हौदाच्या काठावर तळवा ठेवला. शेजारी हरण्या बैलानं तोंड घातलं आणि सावकाश, घोट घोट पाणी ओढलं.

वैशाखाच्या मध्यात ते घडलं. असं ऊन, की जमिनीच्या भेगांत पाऊल जावं. सकाळची वेळ होती. धुरपदाबाई यंत्रात पेंढ्या सारत होती. डावा हात यंत्राच्या लोखंडी तोंडावर टेकलेला, पाय अनवाणी, पायाखाली नुकतीच शिंपडलेली जमीन. अचानक भिंतीवरच्या फ्यूजच्या पेटीतून फट् असा आवाज आला, निळी ठिणगी उडाली आणि यंत्र घरघरत थांबलं.

ती हाक मारत आली नाही. चालत आली. यंत्र बंद पडलंय, म्हणाली. हाताला काही लागलं का, असं त्यानं विचारलं तेव्हा जरा आठवून म्हणाली, माशी बसल्यासारखं झालं खरं.

मल्लिनाथनं मोटार उघडली. आत उंदरानं घर केलं होतं. चिंध्या, कडब्याचं भुसकट, आणि तारेचं वेष्टन दोन बोटं लांब कुरतडलेलं. उघडी तार मोटारीच्या अंगाला चिकटली होती, तिथं लोखंड जळून काळं झालं होतं. सगळी वीज एका दमात लोखंडावर आली होती, आणि त्याच दमात आडात उतरून गेली होती.

तो उठला आणि उताराकडच्या त्या दुसऱ्या पाइपाशी गेला. तो अजून तसाच रोवलेला होता. त्याला दिव्याची पाटी लावून पाहायची होती, म्हणून पाहिली. दहापैकी एकाही दिव्यात धागासुद्धा दिसला नाही. तिथली जमीन पार वाळून गेली होती. तो तिथंच ढेकळावर बसला.

धुरपदाबाई तांब्या घेऊन आली. पाणी प्याल्यावर त्यानं तिला खरं ते सांगितलं. मी आप्पांचं ऐकून हे जोडलं असतं तर आज तुम्ही उभ्या राहिला नसता, म्हणाला. मग तिनं आपला डावा तळवा उलटा करून पाहिला, जणू काही तो नवाच कुणी हातात दिला होता.

"मिस्त्री, तुमी आडून बसला म्हणून म्या हाय," ती म्हणाली.

"तुमी आड दाखवला म्हणून, मावशी. माझी अक्कल खडकापाशीच संपली हुती."

आप्पा दुपारी आले. ईरण्णानं त्यांना सगळं सांगितलं होतं. ते गव्हाणीच्या कडेवर बसले, उंदराच्या चिंध्या हातात घेऊन पाहिल्या. वाळलेल्या पाइपाची आणि आडाची हकिकत पुन्हा एकदा मल्लिनाथच्या तोंडून ऐकली. या दोन महिन्यांत ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत आले होते. आता त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू माझं ऐकलं न्हाईस," ते म्हणाले, "माझ्यावर लई उपकार केलास. धुरपदा माझ्या घरी अठ्ठावीस वर्सं राबली. तिच्या लेकरांपुढं म्या कुठल्या तोंडानं उभा ऱ्हायलो असतो?"

मल्लिनाथला रडू आलं. तो म्हणाला, माझ्या आईला तुम्ही दोन वर्षं दिली. आप्पा म्हणाले, ते राहू दे, आणि उठून बैलांच्या पाठीवरून हात फिरवीत पलीकडं गेले.

मोटारीला त्यानं बारीक जाळी बसवली आणि आठवड्यात ती पुन्हा चालू झाली. पुढं त्याला आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. कुणाच्या मळ्यातली खोली, कुणाची तेलाची घाणी, कुणाचा गूळ करायचा मांडव. तो गेला की मालकाशी नमस्कार-चमत्कार करायचा आणि मग त्या जागी झाडणारी, पाणी भरणारी, जनावरं बांधणारी बाई किंवा बाप्या कोण ते विचारायचा. मालकांना नवल वाटे. तो त्या माणसाजवळ जाऊन बसे आणि विचारी, की इथं पायाला थंड कुठं लागतं, गवत शेवटी कुठं वाळतं.

मार्गशीर्षात वेळ अमावस्या आली. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार माणसांनी भरतं. ज्वारीच्या ताटांची खोप करून लक्ष्मीची पूजा करायची, आंबील आणि भज्जी, म्हणजे हिरव्या दाण्यांची मिश्र भाजी, जेवायची, वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून बसवायचं. ज्ञानोबाचं दोन एकरांचं रान होतं. आदल्या दिवशी त्यानं मल्लिनाथला आमंत्रण दिलं, आणि आई गेल्यापासून त्या सणाला कुणाच्या रानात न गेलेला मल्लिनाथ नवं धोतर नेसून गेला.

ज्वारी कमरेच्या वर आली होती. हरभऱ्याला घाटे धरत होते. धुरपदाबाईच्या दोन्ही लेकी सासरहून आल्या होत्या, नातवंडं चिंचेला झोपाळा बांधून झुलत होती. तिनं खोपीपुढं केळीचं पान मांडलं, त्याच्यावर बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, भज्जी, आणि मडक्यातली आंबट-गार आंबील. वाढताना तिचा उजवा हात सरळ वर गेला आणि तिनं तो वरचेवर नेला, त्याला दिसावं म्हणूनच बहुधा. मग लेकींना बोलावून म्हणाली, ह्येच ते मिस्त्री.

थोरली लेक वाकून पाया पडायला आली. मल्लिनाथ गडबडीनं उठला. पाया पडायचंच असेल तर आधी मला पडू द्या, म्हणाला, आणि तसाच पुढं होऊन त्यानं धुरपदाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती दचकून मागं सरली. लिंगवंताच्या पोरानं आपल्या पाया पडावं हे तिला कसंसंच झालं. पण त्यानं डोकं उचलायच्या आतच तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला.

"उठा," ती म्हणाली. "उंडं गार व्हायलेत."

तो उठला, बसला आणि जेवला. ज्ञानोबा आंबिलीचं मडकं घेऊन रानाच्या कडेकडेनं शिंपत निघाला. त्याच्यामागं नातवंडं आरोळ्या देत धावली, आणि शेजारच्या रानातून तशाच आरोळ्या परत आल्या. धुरपदाबाईनं मल्लिनाथच्या पानात आणखी एक उंडा टाकला. त्यानं नको म्हटलं नाही.